मुळशीचे विस्थापित आणि वृत्तपत्रे

धरणग्रस्तांचा प्रश्न मराठी वृत्तपत्रांत जोरकसपणे आला तो पुण्याजवळच्या मुळशी पेट्यातील लढ्यामुळे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा-नीळा संगमाजवळ धरण बांधायला घेतले. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे त्यात बाधित होणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी, म्हणजे इथल्या शेतकऱ्यांनी, सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा.

पुण्याच्या ‘केसरी’ने हा लढा वाचकांपर्यंत नेला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना गरिबांच्या इच्छेचा मान राखण्याचे आवाहन केले. पत्रकार शिवराम महादेव परांजपे यांना तर 1922 मध्ये याच सत्याग्रहासाठी तुरुंगवास झाला. लेखणीची बांधिलकी यापेक्षा वेगळी काय असते! लढ्याचे नेते सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे घरोघरी पोचली.

पण जमिनीचे अनेक मालक पुण्यातले सावकार होते. त्यांचे लक्ष नुकसानभरपाईकडे वळले आणि कसणाऱ्या कुळांची बाजू लंगडी पडली. 1924 मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. बातमीत शेवटपर्यंत नेतेच ठळक राहिले. उठलेली कुटुंबे कुठे, कशी वसली, याला तेवढी जागा मिळाली नाही. ही उणीव मोठी आहे.