चार वर्षांच्या मुलाला इंटरनेट म्हणजे काय वाटतं?

‘आजीच्या मोबाईलमध्ये कार्टून आहे, बाबांच्या मोबाईलमध्ये नाही!’ लहान मुलं असलेल्या घरात असं वाक्य नवीन नाही. डब्यात लाडू असावेत तसे व्हिडिओ मोबाईलच्या आतच असतात, असं मुलांना वाटतं. ऑनलाइन सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मुलांना इंटरनेट कधी कळतं?

संशोधक झेंग यान यांनी ५ ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. इंटरनेट हे अनेक कॉम्प्युटर जोडणारं मोठं जाळं आहे, हे मुलांना साधारण ९-१० व्या वर्षापासून उमगू लागतं. त्याचे सामाजिक परिणाम, म्हणजे पलीकडे माणसं आहेत आणि त्यातून धोकाही होऊ शकतो, हे त्यानंतर. मोबाईल हाताळणं मात्र मुलं त्याच्या कितीतरी आधी शिकतात.

मग अडचण काय?

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ असं आपण सांगतो. पण गेममध्ये बोलणारा ससा मुलाला अनोळखी माणूस वाटत नाही. पाठवलेला फोटो समोरच्याकडे राहतो, हेही त्याला माहीत नसतं.

कायदा काय सांगतो?

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांवरही बंदी आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण मूल आईच्या अकाउंटवर व्हिडिओ बघत असेल, तर अ‍ॅपच्या नोंदीत प्रेक्षक मोठा माणूसच असतो.

घरी काय करता येईल?

- व्हिडिओ कॉलवर मुलाला दाखवा: ‘मावशी नागपूरला आहे, तिला आपण दिसतोय.’ पलीकडे खरी माणसं असतात, हे यातून कळतं.
- मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा, ऑटोप्ले बंद ठेवा.
- पैसे भरण्यासाठी पिन लावा, तो मुलाला सांगू नका.
- एकच सोपा नियम ठेवा: काही विचित्र दिसलं तर मोबाईल मोठ्यांकडे आणून द्यायचा.

हा नियम टिकतो तो मोठ्यांच्या वागण्यावर. मोबाईल आणून दिल्यावर ओरडा बसला, तर मूल पुढच्या वेळी लपवेल.

मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८, ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास १९३०.