फ्रान्समधील स्वतंत्र रॉक आणि अल्बमची मालकी

फ्रान्समध्ये एखाद्या रॉक बँडला 'स्वतंत्र' म्हटले जाते तेव्हा त्याचा संबंध केवळ संगीताच्या शैलीशी किंवा बंडखोर वेशभूषेशी नसतो, तर ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रतीची, म्हणजेच मास्टरची, मालकी कोणाकडे आहे या प्रश्नाशी असतो. यूनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बहुराष्ट्रीय कंपन्यांपैकी कोणाकडेही मास्टर न सोपवता तो स्वतःकडे किंवा एखाद्या छोट्या लेबलकडे, म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेकडे, ठेवणारा बँड तेथे स्वतंत्र मानला जातो. ही व्यवस्था साधारण अर्धशतकात घडत गेली, आणि तिच्या घडणीत पडीक कारखान्यांत मैफली करणाऱ्या तरुणांचा जितका वाटा आहे तितकाच पॅरिसमधील संसदेने केलेल्या कायद्यांचाही आहे.

१९७०च्या दशकात फ्रेंच रॉकची स्थिती अवघड होती, कारण शब्दप्रधान गीतांची परंपरा, जिला तेथे 'शांसों' म्हणतात, ती मोठ्या कंपन्यांच्या व्यापाराचा कणा होती आणि रॉककडे इंग्लंड-अमेरिकेतून येणारा माल म्हणूनच पाहिले जाई. या चौकटीला पहिला छेद दिला तो दुकानदारांनी. पॅरिसमध्ये आयात केलेल्या रेकॉर्ड विकणारा मार्क झेर्माती याने 'स्कायडॉग' हे लेबल काढले आणि ऑगस्ट १९७६मध्ये नैऋत्य फ्रान्समधील मों-द-मार्सां या गावी पंक संगीताचा महोत्सव भरवला, तर १९८०मध्ये पॅरिसमध्येच सुरू झालेल्या 'न्यू रोझ' या दुकानाने त्याच नावाचे लेबल चालवून देशी-परदेशी बँडच्या रेकॉर्ड बाजारात आणल्या. याच सुमारास बूर्ज येथे १९७७पासून आणि रेन येथे १९७९पासून भरू लागलेल्या महोत्सवांमुळे राजधानीबाहेरच्या बँडना श्रोते मिळू लागले.

१९८०च्या दशकात या प्रयत्नांना 'रॉक आल्तेर्नातीफ' म्हणजे पर्यायी रॉक हे नाव मिळाले. त्याचा कायदेशीर पाया मात्र बराच जुना होता. १९०१च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये काही व्यक्ती एकत्र येऊन नफा न वाटणारी संस्था अल्प खर्चात नोंदवू शकतात, आणि अनेक बँडनी, लेबलांनी व मैफली भरवणाऱ्यांनी याच सोयीचा आधार घेतला. १९८१मध्ये खासगी नभोवाणी केंद्रांना परवानगी मिळाल्याने या संगीताला ध्वनिक्षेपणाचे साधन लाभले, आणि हाताने तयार करून छायाप्रती काढलेल्या नियतकालिकांनी त्याचा प्रचार केला. 'बोंडाज' या लेबलचा 'बेर्यूरिए न्वार' हा बँड या चळवळीचा सर्वांत ठळक प्रतिनिधी ठरला. ढोलवादकाऐवजी तालयंत्र, एक गिटार, एक गायक आणि मुखवटे घातलेली सोंगाड्यांची टोळी एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला हा बँड पॅरिसमधील बेकायदा ताब्यात घेतलेल्या इमारतींतून पुढे आला आणि १९८५च्या 'कॉन्चेर्तो पूर देत्राके' या अल्बमनंतर देशभर पोहोचला.

रेकॉर्ड काढणे या मंडळींना साधले, परंतु ती देशभरातील दुकानांत पोहोचवणे, म्हणजे वितरण, ही त्यांची कायमची अडचण राहिली. १० ऑगस्ट १९८१च्या कायद्याने पुस्तकांची किंमत सर्व दुकानांत सारखी ठेवणे बंधनकारक केले आणि त्यामुळे पुस्तकांची छोटी दुकाने तगली, पण रेकॉर्डना असे संरक्षण कधीच मिळाले नाही. परिणामी 'फ्नाक'सारख्या साखळी दुकानांनी आणि महाबाजारांनी सवलतीच्या दरांवर हा व्यापार आपल्याकडे ओढला आणि गल्लीतील रेकॉर्डविक्रेते, जे अनोळखी बँडची शिफारस करत, ते झपाट्याने कमी झाले. १९८८मध्ये 'बूशरी प्रोद्युक्सियों' या छोट्या लेबलसाठी 'पाचांका' हा अल्बम करणारा 'मानो नेग्रा' हा बँड लगेचच व्हर्जिन या मोठ्या कंपनीकडे गेला, तेव्हा चळवळीत फूट पडली. बेर्यूरिए न्वारने मात्र नोव्हेंबर १९८९मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात निरोपाच्या मैफली करून आपले काम थांबवले.

शासनाची भूमिका याच दशकात बदलली. सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या काळात १९८२पासून २१ जूनला संगीतोत्सव साजरा होऊ लागला, आणि १९८४च्या आरंभी पॅरिसमध्ये रॉकच्या मोठ्या मैफलींसाठी 'झेनिथ' हे सभागृह उघडले. परंतु अल्बमच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक ठरला तो ३ जुलै १९८५चा कायदा. गीतकार-संगीतकारांचे हक्क १८५१मध्ये स्थापन झालेली 'सासेम' ही संस्था सांभाळत होतीच. नव्या कायद्याने वादक-गायकांना आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलणाऱ्या निर्मात्यालाही स्वतंत्र हक्क दिले. शिवाय कोऱ्या कॅसेटवर आकारणी बसवून तिच्यातील २५ टक्के रक्कम नव्या निर्मितीला, मैफलींना आणि प्रशिक्षणाला देण्याची तरतूद केली. त्यामुळे स्वतःचा अल्बम स्वतःच्या पैशाने मुद्रित करणारा बँड कायद्याच्या दृष्टीने निर्माता ठरून नभोवाणीवरील वापराच्या मोबदल्याचा वाटेकरी झाला आणि अनुदानासाठी अर्जही करू शकला.

१९९६पासून अमलात आलेल्या नियमाने नभोवाणी केंद्रांना लोकप्रिय गाण्यांपैकी ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतील वाजवणे बंधनकारक केले आणि त्यांतील निम्मी गाणी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची असावीत असे ठरवले. याचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही: आंजे शहरातील 'ले थग्ज' हा बँड इंग्रजीत गात असे, त्याच्या रेकॉर्ड अमेरिकेतील 'सब पॉप' लेबलने काढल्या, पण अशा बँडना या नियमाचा उपयोग नव्हता. उलट १९९७मध्ये 'आत्मोस्फेरिक' या लहान कंपनीने काढलेल्या 'लुईज आताक' बँडच्या फ्रेंच अल्बमच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

अल्बमच्या जोडीला मैफलींचे जाळेही उभे राहिले. १९९८पासून शासनाने आधुनिक संगीताच्या मध्यम आकाराच्या सभागृहांना विशेष दर्जा व साहाय्य देण्यास सुरुवात केली. फ्रान्समध्ये मंचावरील कलावंत हा कायद्याने पगारी कामगार मानला जातो आणि बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम नोंदले गेल्यास त्याला कामाविना असलेल्या काळात बेकारभत्ता मिळतो. त्यामुळे नवा अल्बम हा पुष्कळदा दौऱ्याचे निमित्त असतो, कारण तासांची बेरीज दौऱ्यातूनच होते.

आज असा बँड तीन प्रकारच्या करारांतून निवड करतो. कलावंत-करारात कंपनी मुद्रणाचा खर्च उचलून मास्टर आपल्याकडे ठेवते; परवाना-करारात बँड मास्टरची मालकी राखून ठराविक काळापुरता वापराचा हक्क देतो; आणि वितरण-करारात कंपनी केवळ माल पोहोचवते, बाकी सर्व जोखीम बँडची असते. २०१०मध्ये सुरू झालेल्या 'उलुल'सारख्या लोकवर्गणीच्या व्यासपीठांमुळे चाहत्यांकडून आगाऊ पैसे जमवता येतात, २०२०मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संगीत केंद्र अनुदाने देते, आणि मायेन विभागातील 'एम्पेओ' या १९५७पासूनच्या कारखान्यात सासेमचा परवाना दाखवून विनाइल रेकॉर्ड दाबून घेता येतात.

सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या कलेला स्वतंत्र म्हणावे काय, हा आक्षेप पर्यायी रॉकच्या काळापासून घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही, कारण अनुदानाच्या अटी ओळखून अल्बमचे आणि दौऱ्याचे नियोजन करणारे बँड अनेक आहेत. तरीही अनुदान देणारे केंद्र मास्टर मागत नाही आणि कंपनीचा कलावंत-करार तो मागतो, या एका फरकावर फ्रेंच स्वातंत्र्याची कल्पना आजवर टिकून आहे.