उत्तर नको, बाण दाखव!

सेंद्रिय रसायनशास्त्रातील प्रश्न विद्यार्थ्याकडून ऑनलाइन सोडवून घेताना

- प्रतिनिधी

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. पुण्यात एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडलेला आहे, आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बारावीची एक विद्यार्थिनी मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे वही धरून बसली आहे. "सर, नुसतं उत्तर सांगा ना. उद्या क्लासची टेस्ट आहे," ती काकुळतीने म्हणते. सर चष्मा पुसतात. "उत्तर राहू दे गं. पहिला बाण कुठून निघतो, ते सांग."

शेजारच्या खुर्चीवर बसून हा संवाद ऐकत असताना प्रस्तुत प्रतिनिधीला मनातून विद्यार्थिनीचीच बाजू पटत होती. उद्या परीक्षा असलेल्या मुलीला उत्तर सांगण्यात काय वावगे आहे, असे कोणालाही वाटेल. पुढच्या पाऊण तासात हे मत बदलले.

२०२० च्या टाळेबंदीने शिकवणीचा वर्ग पडद्यावर आणला. टाळेबंदी उठली, वर्ग पुन्हा भरू लागले, मात्र रात्री मोबाइलवर शंका विचारण्याची सवय कायम राहिली. या शंकांत सेंद्रिय रसायनशास्त्राचा वाटा मोठा असतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात हॅलोजन साधितांपासून अमाइनपर्यंत सलग चार प्रकरणे या विषयाची आहेत. 'नीट'च्या १८० प्रश्नांपैकी ४५ रसायनशास्त्राचे असतात आणि त्यांतही या विषयाला चुकवून जाता येत नाही. गणितातील अडलेली पायरी फोनवर सांगता येते. येथे मात्र रेणूचे चित्र काढल्याशिवाय बोलणेच सुरू होत नाही. अशी शंका केवळ शिक्षकाकडेच जाते असेही नाही. घरातील इंजिनीअर दादा, फार्मसी शिकणारी मावसबहीण, एखादी माजी विद्यार्थिनी यांच्याही मोबाइलवर वहीचा फोटो येऊन पडतो. हा लेख मुख्यतः अशा मदतनिसांसाठी आहे.

चुकीचे उत्तर कसे तयार होते

त्या रात्रीचा प्रश्न 'एनसीईआरटी'च्या बारावीच्या पुस्तकातील होता. ३-मिथाइलब्युटेन-२-ऑल या अल्कोहोलवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केली तर काय मिळते? विद्यार्थिनीने अल्कोहोलचा ओएच गट काढून त्याच जागी ब्रोमीन बसवला होता. पाठांतराच्या दृष्टीने ते बिनचूक होते, कारण 'अल्कोहोलपासून ब्रोमाइड' ही ओळ तिने शंभरदा लिहिली असेल. पुस्तकातील उत्तर मात्र निराळे आहे. ब्रोमीन शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो आणि २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन तयार होते.

सरांनी हे उत्तर लगेच सांगितले असते, तर ती ते वहीत उतरवून घेती आणि 'हा अपवाद' असे शेजारी लिहिती. बारावीच्या वह्या अशाच अपवादांनी भरलेल्या असतात. (प्रस्तुत प्रतिनिधीनेही एकेकाळी नावाच्या अभिक्रियांचा तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ केला होता. पुढे तो पत्रकारितेच्या पदविकेकडे वळला, यातच सर्व आले.)

सर ज्या बाणाविषयी विचारत होते, तो वक्र बाण १९२२ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम केरमॅक यांच्या शोधनिबंधातून रसायनशास्त्रात आला. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या बाणाचा अर्थ एवढाच, की इलेक्ट्रॉनची जोडी शेपटाकडून टोकाकडे सरकते. जेथे इलेक्ट्रॉन विपुल आहेत तेथून बाण निघतो आणि जेथे त्यांची उणीव आहे तेथे पोहोचतो. विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे हा बाण उलटा काढणे. ऑक्सिजनला हायड्रोजन येऊन चिकटतो, म्हणून बाणही हायड्रोजनकडून ऑक्सिजनकडे काढला जातो. वास्तविक हायड्रोजनच्या त्या धनप्रभारित टोकाजवळ देण्यासारखे इलेक्ट्रॉनच नसतात. असा उलटा बाण काढूनही अखेरचे उत्तर पुष्कळदा बरोबर येते. केवळ उत्तर तपासणाऱ्या मदतनिसाला ही चूक कधीच दिसत नाही.

विद्यार्थिनीचा पहिला बाण उलटाच होता. "तुझ्या हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन किती?" सरांनी विचारले. बराच वेळ शांतता. नेटवर्क गेले की मुलगी गप्प आहे, हे येथे कळत नव्हते. मग पडद्यावर खोडरबर दिसला. नवा बाण ऑक्सिजनवरील एकट्या जोडीपासून निघाला. ऑक्सिजनवर धनप्रभार आला आणि पाण्याचा रेणू कार्बन-ऑक्सिजन बंधातील इलेक्ट्रॉन घेऊन निघून गेला. मागे दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर धनप्रभार उरला. येथे ती ब्रोमीन जोडायला निघाली, तेव्हा सरांनी एकच प्रश्न टाकला. "हा कार्बन किती कार्बनना जोडलेला आहे? आणि शेजारचा?"

दुसरा कार्बन दोघांना जोडलेला होता, तिसरा तिघांना. धनप्रभार पेलण्यास तिसरा अधिक समर्थ. त्याच्यावरचा हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन शेजारी सरकला, की प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो आणि ब्रोमाइड तेथे येऊन बसतो. "म्हणजे तो अपवाद नाही?" विद्यार्थिनीने विचारले. तिच्या आवाजातील काकुळती एव्हाना गेलेली होती.

चित्र पडद्यापलीकडे पोहोचवायचे कसे

वर्गात फळ्यावर एका रेषेत होणारे काम ऑनलाइन मदतीत फार वेळ खाते. टाइप करून रेणू लिहू गेल्यास शाखा कोणत्या कार्बनवर आहे ते हरवते, आणि दोघे दोन वेगळ्या रेणूंविषयी दहा मिनिटे वाद घालतात. यावर साधा उपाय म्हणजे कोरा कागद, काळे पेन आणि सरळ वरून काढलेला फोटो. फोटो पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्येक कार्बनला क्रमांक द्यावा, हा सरांचा नियम आहे. 'तो डावीकडचा' असे म्हणण्याऐवजी 'तीन नंबरचा' म्हटले की निम्मा गोंधळ मिटतो.

संगणक असलेल्यांसाठी रेणू काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या 'पबकेम' या माहितीकोशात रचना काढून संयुग शोधता येते. केवळ अक्षरांतच लिहिणे भाग असेल तर १९८० च्या दशकात डेव्हिड वाइनिंगर यांनी विकसित केलेली 'स्माइल्स' ही लेखनपद्धती आहे. तिच्यात सी-सी-ओ या तीन रोमन अक्षरांचा अर्थ इथेनॉल होतो. बारावीच्या विद्यार्थ्याने ती शिकलीच पाहिजे असे नाही. मदतनिसाला ठाऊक असल्यास संदर्भ शोधणे सोपे जाते, इतकेच. सविस्तर व्याख्याने ऐकायची तर आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटीईएल'वर ती आहेत. ती पदवीच्या पातळीची असल्याने बारावीच्या मुलाला सरसकट दाखवू नयेत.

त्रिमितीचा प्रश्न मात्र पडद्यावर सुटत नाही. चार निरनिराळे गट असलेला कार्बन आणि त्याची आरशातील प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, हे फिरणारे रंगीत चित्र पाहून पटल्यासारखे वाटते, पण परीक्षेत आठवत नाही. दह्यातील लॅक्टिक आम्लाचा रेणू याच जातीचा. त्यासाठी स्वयंपाकघर गाठावे. भिजवलेले हरभरे आणि टूथपिक यांचे दोन एकसारखे रेणू दोन्ही बाजूंनी करायचे, चार टोकांना चार वेगवेगळी कडधान्ये लावायची आणि मग एका रेणूतील कोणत्याही दोन टोकांची अदलाबदल करायची. आता कसेही फिरवले तरी दोन्ही रेणू जुळत नाहीत. हाताने केलेली ही गोष्ट विसरली जात नाही, असा सरांचा अनुभव आहे. हरभरे मात्र फार भिजलेले नकोत!

उलट्या दिशेने

'अमुकापासून तमुक तयार करा' या रूपांतराच्या प्रश्नांत विद्यार्थी सुरुवातीच्या पदार्थापासून चालू लागतो आणि वाट चुकतो. येथे मदतनिसाने शेवटाकडून मागे यायला लावावे. हव्या असलेल्या रेणूआधी काय असावे, त्याआधी काय, अशी ही रीत. तिला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्या ई. जे. कोरी यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲनिलिनपासून ४-ब्रोमोॲनिलिन करा, हा या प्रकारातला नेहमीचा प्रश्न. विद्यार्थी ॲनिलिनमध्ये ब्रोमीनचे पाणी घालून मोकळा होतो. अमिनो गट वलयाला इतका क्रियाशील करतो, की तीन ठिकाणी ब्रोमीन बसून पांढरा साका मिळतो. एकच ब्रोमीन हवा तर आधी ॲसेटिक ॲनहायड्राइडने अमिनो गटाला वेसण घालायची, मग ब्रोमीन जोडायचा, आणि शेवटी जलीय अपघटनाने अमिनो गट मोकळा करायचा. येथे सर थेट सूचना देत नाहीत. 'तुला तीन ब्रोमीन मिळाले. एकच हवा. या गटाचा उत्साह थोडा वेळ कमी करता येईल का?' एवढेच लिहून ते थांबतात. उत्तर दुसऱ्या दिवशी आले तरी त्यांना चालते. पालकांना सहसा चालत नाही.

भाषेची अडचण

सरांकडे येणाऱ्या अनेक शंका मुळात रसायनशास्त्राच्या नसतातच. दहावीपर्यंत 'संतृप्त', 'क्रियात्मक गट', 'सहसंयुज बंध' हे शब्द शिकलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी अकरावीला इंग्रजी पुस्तक उघडतो, आणि ओळखीची गोष्ट त्याला परकी वाटू लागते. सर बोलतात मराठीतून, संज्ञा इंग्रजीच ठेवतात, पण प्रत्येक नव्या संज्ञेचा दहावीतील मराठी शब्द एकदा आठवून द्यायला विसरत नाहीत. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. तरीही अकरावी-बारावीचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होत असल्याने ही दोन भाषांची कसरत मुलांच्या मागे लागलेलीच आहे. एवढ्या एका कारणासाठी तरी तालुक्याच्या गावातील मुलांना मराठी बोलणारा मदतनीस मिळायला हवा.

आयती उत्तरे

२०२२ च्या अखेरीपासून संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली. फोटो टाकला की पायऱ्यांसह उत्तर मिळते. ही उत्तरे अनेकदा बरोबर असतात, आणि चुकीची असतात तेव्हाही तितक्याच ठामपणे लिहिलेली असतात. सर त्यांच्यावर बंदी घालत नाहीत. विद्यार्थ्याने आणलेले उत्तर ते त्यालाच तपासायला लावतात. प्रत्येक कार्बनला चारच बंध आहेत का, एखादा कार्बन वाटेत हरवला तर नाही ना, बाणाच्या आधी आणि नंतर एकूण प्रभार तोच आहे का, एवढे पाहिले तरी बऱ्याच ढोबळ चुका हाती लागतात. अर्थात स्वतःच्या वहीलाही हीच कसोटी लावायची.

दुसरा धोका जुनाच आहे. कडेने कापलेला फोटो आणि 'दहा मिनिटांत पाहिजे' असा निरोप आला, तर पलीकडे एखादी ऑनलाइन परीक्षा सुरू असण्याचा संभव असतो. सर चौकशी करीत नाहीत. 'तू आतापर्यंत काय केलेस, त्याचा फोटो आधी पाठव,' एवढाच निरोप धाडतात. काहींकडून पुन्हा काही येत नाही.

त्या रात्री फोन ठेवण्यापूर्वी सरांनी विद्यार्थिनीला आणखी एक रेणू दिला. ३,३-डायमिथाइलब्युटेन-२-ऑल, बाकी सर्व तेच. येथे शेजारच्या कार्बनवर सरकायला हायड्रोजनच नाही. पावणेअकराला वहीचा फोटो आला. मिथाइल गट सरकतो, हे तिने कोणी न सांगता ओळखले होते, बाणही बरोबर दिशेने होता. मात्र सरकलेला मिथाइल गट जुन्या जागेवरून पुसायचा राहिला होता आणि त्याच कार्बनवर तिने ब्रोमीन जोडला होता. सरांनी त्या कार्बनभोवती लाल वर्तुळ काढून फोटो परत पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. अकराला सहा मिनिटे कमी असताना दुसरा फोटो आला. आता त्या कार्बनला चारच बंध होते.