चौथ्या चित्रपटाची साक्ष

'सेंट ट्रिनियन्स' या ब्रिटिश विनोदी चित्रपटमालिकेतला चौथा चित्रपट, १९६६ सालचा 'द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी', पहिल्याच्या तोडीचा नाही. पण त्या काळच्या ब्रिटनचा पुरावा म्हणून त्याचं मोल पहिल्याहून तसूभरही कमी नाही. रोनाल्ड सर्ल या व्यंगचित्रकाराच्या, सेंट ट्रिनियन्स या काल्पनिक शाळेतल्या व्रात्य विद्यार्थिनी १९४१ साली 'लिलिपुट' मासिकात प्रथम अवतरल्या. १९५४ साली त्या पडद्यावर आल्या, तेव्हा अ‍ॅलिस्टर सिम यांनी मुख्याध्यापिका आणि तिचा बुकमेकर भाऊ या दोन्ही भूमिका केल्या. त्या चित्रपटातला हशा शाळेच्याच पोटातून निघत होता. गणवेश, शिस्त आणि मुलींच्या निवासी शाळेचा सोवळा आब यांचीच तिथे दाणादाण उडते.

बारा वर्षांत हशाचं ठिकाण हललं. ऑक्टोबर १९६४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि जुलै १९६५ मध्ये सरकारने अकराव्या वर्षीच मुलांची वर्गवारी करणारी शाळापद्धत मोडीत काढण्याचं परिपत्रक काढलं. शिक्षण हा राजकारणाचा विषय झाला होता. या चौथ्या चित्रपटातही नवा शिक्षणमंत्री मुख्याध्यापिकेच्या प्रेमात आहे. दुसरा धागा खऱ्या दरोड्याचा: ८ ऑगस्ट १९६३ रोजी टपाल नेणाऱ्या रेल्वेगाडीतून सुमारे २६ लाख पौंड लुटले गेले होते. पडद्यावरचे दरोडेखोर तशीच लूट एका ओसाड वाड्यात दडवतात आणि नेमकी तिथेच शाळा येते. शेवटचा पाठलाग हॅम्पशरमधल्या लाँगमूर लष्करी रेल्वेवर चित्रित झाला. वाफेची इंजिनं, पुढे-मागे धावणारे डबे आणि चोरांच्या मागे लागलेल्या मुली. कायद्याला न जुमानणाऱ्या मुली इथे कायद्याच्याच कामी येतात, कारण बाहेरचं जग त्यांच्याहून बेबंद झालं आहे.

निर्मात्यांनी गाजलेल्या बातमीवर पोळी भाजून घेतली, एवढाच याचा अर्थ, असा आक्षेप येईल. तो खराही आहे. पण कोणती बातमी चालेल हे प्रेक्षकांच्या तोंडी काय आहे यावरून ठरतं. १९७८-७९ च्या हिवाळ्यातल्या संपांनंतर, १९८० साली आलेल्या पाचव्या चित्रपटात याच मुली संघटना बांधून संप करतात, हा योगायोग नव्हे. एका चित्रपटावरून समाज सिद्ध होत नाही, हेही मान्य. मात्र एकच शाळा दर खेपेला निराळ्या चिंतेवर हसवते, तेव्हा तो क्रमच साक्ष देतो. म्हणून उत्तरभागांना केवळ दर्जाच्या तराजूत तोलून अडगळीत टाकणं इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारं नाही.