तळटीप १४ : ल्युकाची संख्या
१४. २चा १२७वा घात उणे १, म्हणजेच १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून हिला विभाजक नाही. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याने १६४४ साली तसे लिहून ठेवले होते, पण सिद्धता दिली नव्हती. त्याच्या यादीतले ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, तेव्हा नुसत्या त्याच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता. एद्वार ल्युका (१८४२–१८९१) याने १८७६मध्ये प्रश्न निकालात काढला, तोही विभाजक शोधत न बसता. आज ही कसोटी अशी मांडता येते : ३ घ्यावेत, वर्ग करून २ वजा करावेत, वरील संख्येने भागून बाकी ठेवावी आणि बाकीवर पुन्हा तेच करावे. १२५व्या फेरीला बाकी शून्य उरते; मूळपणाला एवढा पुरावा पुरतो. लेखकाचे ‘हाताने केलेले गणित’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. १९५१मध्ये फेरिए याने गणनयंत्राच्या साहाय्याने ४४ अंकी मूळ संख्या शोधेपर्यंत हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.