उद्यानविद्येचे दूरशिक्षण

फळे, भाजीपाला, फुले व शोभेच्या वनस्पती यांच्या लागवडीचे शास्त्र महाविद्यालयात नियमित उपस्थित न राहता, मुद्रित पाठ व अभ्यासकेंद्रे यांच्या साहाय्याने शिकण्याची पद्धती. या पद्धतीचा उगम शेतकऱ्यांसाठी चालविलेल्या पत्रद्वारा पाठांत आढळतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजने १८९२ मध्ये शेतीविषयक गृहवाचनाचा अभ्यासक्रम सुरू केला. १८९६ पासून तेथे खेड्यापाड्यांत टपाल घरपोच मिळू लागले व अशा उपक्रमांस चालना मिळाली. कॉर्नेल विद्यापीठातील उद्यानविद्येचे प्राध्यापक लिबर्टी हाइड बेली (१८५८–१९५४) हे या कार्याचे एक प्रमुख प्रवर्तक होत. तथापि या पाठांचा उद्देश पदवी हा नव्हता.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवीशिक्षणास प्रारंभ केला. परंतु ते कला शाखेचे होते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि उद्यानविद्येचे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून, दूरशिक्षणाने उपलब्ध झाले. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू झाल्याने शास्त्रीय माहितीची निकड वाढली होती. जमीन सोडून शिक्षणासाठी शहरात राहणे अनेकांना अशक्य होते. अशांना ही सोय उपयुक्त ठरली.

या शिक्षणातील मुख्य प्रश्न प्रात्यक्षिकाचा होय. द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी का करावयाची, हे पुस्तकातून समजते; मात्र किती डोळे राखून काडी कापावी, हे वेलीजवळ उभे राहूनच उमगते. डोळा भरणे व कलम बांधणे यांचेही तसेच आहे. विद्यार्थी स्वतः बागाईतदार असल्यास त्याची बागच प्रयोगशाळा ठरते व शिकलेले त्याच हंगामात पडताळता येते. ज्याच्यापाशी बाग नाही, त्याला मात्र अभ्यासकेंद्रातील मोजक्या प्रात्यक्षिकांवर अवलंबून राहावे लागते. या दोघांना एकच पदवी देणे कितपत योग्य, हा वादाचा विषय ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी कृषी व उद्यानविद्या या विषयांतील पदव्या दूरशिक्षणाने देण्यास मनाई केली. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दर्जाचे रक्षण होत असले, तरी शेती सांभाळून पदवी मिळविण्याचा मार्ग बंद झाला.