नासाशोथ
नाकाच्या आतील श्लेष्मकलेला दाहयुक्त सूज येणे म्हणजे नासाशोथ. याचा नेहमीचा प्रकार पडसे. ते विषाणूंमुळे, बहुधा ऱ्हायनोव्हायरसमुळे होते. घसा खवखवतो, नाक वाहते, पुढे शेंबूड घट्ट व पिवळसर होतो आणि आठ-दहा दिवसांत सारे ओसरते. शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरून प्रतिजैविक घेण्याचे कारण नसते.

अ‍ॅलर्जीजन्य नासाशोथाची खूण म्हणजे खाज. नाक, डोळे, टाळू खाजतात, सकाळी उठताच ओळीने शिंका येतात, स्राव पाण्यासारखाच राहतो आणि ताप नसतो. परागकण, बुरशी किंवा गादी-उशीतील सूक्ष्म धूळकिडे यांच्याशी संपर्क येताच मास्ट पेशींमधून हिस्टामीन सुटते. मुले तळहाताने नाकाचे टोक सारखे वर घासतात. कालांतराने नाकावर आडवी रेघ उमटते.

थंड हवा, उदबत्तीचा धूर, उग्र अत्तर यांनी नाक चोंदत वा वाहत असेल, पण खाज नसेल आणि अ‍ॅलर्जीची चाचणीही निर्दोष असेल, तर तो वाहिनीप्रेरक प्रकार. झायलोमेटाझोलीनसारखे नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ घातल्यास त्यांचा असर उतरताच नाक पुन्हा चोंदते. येथे औषध हेच दुखणे होऊन बसते.

अपक्षयी नासाशोथ या सर्व प्रकारांच्या उलट. त्यात श्लेष्मकला झिजते, पोकळी रुंदावते, हिरवट खपल्या धरतात व दुर्गंधी सुटते. भोवतालच्यांना ती असह्य होते. गंधज्ञान गेलेल्या रुग्णाला मात्र ती जाणवत नाही, उलट नाक चोंदल्यासारखे वाटते.